चला, पौषात माढ्याला बोरं खायला

खिशातला फोन इथंच ठेवा; तिकडं त्याला कोणी विचारत नाही. अंगावर घोंगडी घ्या, पायांत जाड तळाच्या वहाणा घाला, आणि उपरण्याच्या नाहीतर पदराच्या टोकाला दोन-चार मुठी ज्वारी गाठ मारून बांधून घ्या. आज ती पैशांपेक्षा जास्त चालणार आहे. झालं? मग डोळे मिटा, आणि नाकात कोळशाचा धूर शिरला की उघडा.

उतरा, माढा स्टेशन आलं. गाडी इथं फार वेळ थांबत नाही. इंजिनानं सोडलेली वाफ तुमच्या पायांवरून जाते, डोळ्यांत कोळशाची कणी जाते, आणि ती चोळून काढेपर्यंत गाडी सोलापूरकडं निघूनही गेलेली असते. मघाशी कुर्डुवाडीला तुम्ही बार्शी लाइटची छोटी गाडी पाहिलीत. अरुंद रुळांवर तिचे डबे ओळीनं उभे होते, बार्शीची आणि पंढरपूरची माणसं बोचकी सांभाळत त्यात चढत होती. साल कोणतं ते विचारू नका. एवढं पुरे, की आणे-पै चालतायत, भीमा अजून उजनीला अडलेली नाही, आणि माढ्याच्या शिवारात बांध दिसला की त्यावर बोरी दिसतेच.

गावाकडं निघालेल्या बैलगाडीत जागा आहे. "बसा पावणं," गाडीवान म्हणतो आणि कडब्याच्या पेंढ्या सरकवून तुम्हाला जागा करून देतो. पौषातली पहाट आहे. बोटं वाकत नाहीत, कानाच्या पाळ्या दुखतायत, बैलांच्या नाकातून धूर निघतोय. दोन्ही अंगांनी डोक्याबरोबर शाळू उभा आहे. दाणा हुरड्यात आलाय. कुठंतरी आगटी पेटलीय. गोवरीचा आणि भाजत्या कणसाचा वास दवात मिसळून येतो. मचाणावरून कुणी पोरगं गोफण फिरवतं, फट्‌ असा आवाज होतो, पाखरांचा थवा उठतो आणि शंभर पावलांवर परत शाळवात बसतो.

आता बांधाकडं बघा. शाळवाच्या वर डोकं काढून उभी आहे ती बोरी. पुढच्या बांधावर दोन. ओढ्याच्या काठानं तर रांगच. बाभळी आहेत, लिंब आहेत, पण या महिन्यात नजर बोरीवरच जाते, कारण तिच्या फांद्या फळाच्या वजनानं खाली आल्यात. हिरवी, पिवळी, नारिंगी, लालसर, आणि पार सुकून सुरकुतलेली तपकिरी, सगळी बोरं एकाच फांदीवर. गाडीतून उतरून जवळ गेलात की पायाखाली कचकच होते. ती पडलेली बोरं. खाली वाका, वास घ्या. गोड, आंबूस, जरा दारूकडं झुकलेला.

"खाल्ली पडल्याली खावा, पावणं. वर हात घालू नगासा." झाडाच्या पलीकडून आजी बोलली. डोक्यावर चुंबळ, कमरेला खोचलेला पदर, हातात आकडी बांधलेली लांब काठी. तिनं झाडाखाली पोत्याची पटकुरं जोडून अंथरलीत. पण तुम्ही शहरातून आलेले. डोळ्यांसमोरचं लालबुंद बोर सोडवत नाही. घातलात ना हात?

आता हलू नका. आधी नीट बघा तुम्हाला काय धरून ठेवलंय. प्रत्येक पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी आहे. त्यातला एक सरळ, सुईच्या टोकाचा. दुसरा आखूड, मागं वळलेला. हात आत जाताना वाकड्या काट्याचं काही वाटत नाही, तो पाठीवरून घसरतो. बाहेर ओढलात की तो बाहीत, कातडीत, केसांत अडकतो. सोडवायला दुसरा हात नेलात की सरळवाला त्याचं स्वागत करतो. पान उलटं करा, अडकलाच आहात तर. वरून गडद हिरवं, चकचकीत. खालून पांढुरकं, लवदार. बोटाला मऊ लागतं. एवढं मऊ पान आणि शेजारी तो काटा, याचं मला अजून नवल वाटतं.

"मागं वडू नगा, फुडं सरका," आजी सांगते. आत जायचं, मग काटा आपोआप सुटतो. तुम्ही तसं करता, सुटता, मनगटावर तीन लाल रेघा राहतात. आजी आकडीनं फांदी धरून हिसडा देते आणि पटकुरांवर सर उतरते. ठकठक, ठकठक. दोन-चार तुमच्या टाळक्यावर पडतात. आता उचला एक. आधी फिरवून बघा, बारीक छिद्र दिसलं की टाकून द्या. आत अळी आहे. हे चांगलं आहे, घ्या तोंडात.

दात लागताच साल कुर्र वाजते. आधी आंबट. मग जिभेच्या कडांना तुरट. आणि तुम्ही तोंड वाकडं करणार तेवढ्यात मागून गोड येतं आणि घशापर्यंत राहतं. आठळी चघळत राहा. गर संपला तरी चव संपत नाही.

आता पुढच्या झाडाखाली या. हे बोर लांबट, पिठूळ, जवळजवळ खारकेच्या चवीचं. त्याच्या पलीकडच्याचं चण्याएवढं, सगळी आठळीच, पण साखर. ओढ्याकाठचं आंबट इतकं, की डोळा मिटतो. ते पोरांचं लाडकं, कारण मिठाबरोबर खायला तेच लागतं. कडेचं एक फार पिकलं की चिकट, बुळबुळीत होतं. त्याला पोरं शेंबडं बोर म्हणतात आणि तरीही खातात. एकाच शिवारात, हाकेच्या अंतरावर, चार झाडं आणि चार चवी. याचं कारण साधं आहे. ही झाडं कुणी लावलेली नाहीत. रात्री कोल्ह्यानं बोरं खाल्ली, उजाडता बुलबुल येऊन गेला, पोरांनी आठळ्या थुंकल्या, आणि ज्या बीला नशीब लागलं ते बांधाच्या दगडांत उगवून आलं. बीपासून आलेलं प्रत्येक झाड आपल्या आईपेक्षा थोडं वेगळं निघतं. म्हणून इथं बोरांना जातीची नावं नाहीत, पत्ते आहेत. ओढ्याची, मळ्याची, म्हसोबाजवळची. माझ्या मते या गावाची खरी श्रीमंती हीच, आणि ती अशी उघड्यावर पडलेली आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढं तीच लागणार आहे. बांध मालकाचा, झाड मालकाचं, झाडावरचं फळही मालकाचं. पण खाली पडलेलं बोर ज्याच्या हाताला लागेल त्याचं. शाळेला निघालेली पोरं वाट वाकडी करून येतात, सदऱ्याचे खिसे फुगवतात, आणि मालक लांबूनच "ए, दगूड मारू नगा रं!" एवढंच ओरडतो. उचलू नका असं म्हणत नाही.

ऊन चढायला लागलं. आजीनं पाटी भरली, तुम्ही हात लावून ती तिच्या डोक्यावर चढवलीत. वजन कळलं? आता तिच्या मागोमाग बाजारात.

गाव जवळ आलं की आधी आवाज येतो. मग धूळ. मग राव रंभा निंबाळकरांच्या किल्ल्याची भिंत दिसते, माढेश्वरीच्या देवळाकडं आजी चालता चालताच हात जोडते, आणि पुढच्या वळणावर तुम्ही गर्दीत शिरता. खांदा आवरा. इकडून गाढवावर मडकी येतायत, तिकडून दोन शेळ्या एका दोरीला बांधून कोणी ओढतोय. संक्रांत तोंडावर आहे, त्यामुळं कुंभाराभोवती बायकांचा गराडा. काळी-तांबडी सुगडं बोटानं टिचक्या मारून पारखली जातायत. लाल मिरचीच्या ढिगाजवळून जाताना तुम्हाला ठसका लागतो, आणि मिरचीवाला हसून म्हणतो, "लागली व्हय?" तंबाखूच्या पानांचा उग्र दरवळ, गुळाच्या ढेपेवर घोंघावणाऱ्या माश्या, घोंगड्यांचा लोकरी कुबट वास, तेलात उतरणारी भजी. पोटात खड्डा पडतो ना? थांबा, आधी बोरं.

बोरांच्या बायका एका ओळीत बसल्यात. वीस असतील, तीस असतील. प्रत्येकीपुढं पाटी, पाटीवर ढीग, ढिगावर उपडं ठेवलेलं माप. उन्हानं बोरं तापलीत आणि त्यांचा वास आता उठून नाकावर येतो. सगळ्या एकदम ओरडतायत. "साकरंवानी हायती, खाऊन बगा!" खाऊन बघायला पैसे नाहीत. या ओळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं चाखत गेलं तरी माणसाची न्याहारी होते, आणि बरीच माणसं तेच करतायत.

आता सोडा ती ज्वारीची गाठ. आजी तुमची ज्वारी तळहातावर घेते, दाणा दातांखाली फोडून बघते, मान हलवते. "चांगली हाय. कुटली?" काहीतरी सांगून टाका. ती चिपटं घेते, तुमची ज्वारी मापते, आणि तेवढ्याच मापानं बोरं दोनदा घालते. चार शेरांची पायली, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी. हे गणित इथलं पाच वर्षांचं पोर झोपेत सांगेल. दुसऱ्यांदा माप भरताना बघा, ती बोरं शिगेला चढवते. वर आणखी चार हातानं टाकते. न मागता. तुम्ही घासाघीस करायच्या तयारीत होतात आणि आता काय बोलावं ते सुचत नाही.

तुमच्या बाजूला एक लहान मुलगी उभी आहे. तिच्या फ्रॉकच्या ओच्यात घरातून आणलेली मूठभर ज्वारी आहे. आईला विचारून आणली का ते विचारू नका. ती तिची मूठ रिकामी करते, ओचा बोरांनी भरून घेते आणि पळते. पाटीत ज्वारी, बाजरी, तूर, सगळं मिसळत चाललंय. आजी संध्याकाळी ते घरी नेईल, पाखडून निवडील, दळील. तिच्या नावावर शेत नाही. माघापर्यंत तिच्या घरचं जातं या बोरांवर फिरतं.

दुपार टळली. या आता एखाद्याच्या घरी. पाहुण्याला इथं कोणी नको म्हणत नाही. खाली वाकून दारातून आत शिरा. पांढऱ्या मातीचं माळवद वर, आत गारवा आणि चुलीचा धूर. उद्या भोगी. घरातली बाई परातीत भाजी निवडतेय: घेवडा, पावटा, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, वांगी, आणि त्यात मूठभर बोरं. हो, भाजीत बोरं. तिळाचं कूट पडतं, चिंच-गूळ पडतो, आणि शिजताना बोर फुगून तडकतं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी तव्यावरून थेट आरावर उभी राहते. पहिला घास घ्याल तेव्हा रश्शातलं गरम बोर जिभेवर फुटेल. जपून, आठळी आहे.

शिडीनं माळवदावर चढा. धाब्यावर जुन्या लुगड्यावर बोरं वाळत घातलीत. चार उन्हं खाल्लेली बोरं आक्रसून लाल-काळी पडलीत. ही पुढं खळखळ वाजेपर्यंत वाळतील, मग उखळात कुटली जातील, आठळ्या चाळून काढल्या जातील, आणि मीठ-गूळ घातलेलं बोरकूट गाडग्यात भरून राहील. चैत्रात, वैशाखात, तोंडाला चव नसते तेव्हा चिमूटभर. काढलेल्या आठळ्याही वाया जात नाहीत. पोरं त्या दगडावर ठेवून फोडतात आणि आतली चपटी, तपकिरी बी वेचून खातात. एक खाऊन बघा. शेंगदाण्याच्या जवळपासची चव. पण एक बी काढेपर्यंत एक बोट ठेचतं.

शेजारच्या वाड्यात गलका उठला. त्यांच्याकडं संक्रांत यायच्या आधीच तयारी चाललीय. यंदा पहिल्या वर्षाचं पोर आहे, त्याचं बोरन्हाण. हळदी-कुंकवाच्या दिवशी त्या पोराला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतील, आणि बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा त्याच्या डोक्यावरून ओततील. तो रडेल. बाकीची पोरं त्याच्या अंगावरनं पडणारी बोरं झडप घालून लुटतील. इथंही तोच कायदा: पडलं ते उचलणाऱ्याचं.

राहा थोडे दिवस. माघात बोरं संपतात, उन्हाळ्यात बोरीची पानं झडतात आणि ती मेल्यागत उभी राहते. घाबरू नका, ती झोपलीय. मूळ खाली खोल गेलंय. छाटलेल्या फांद्यांची काटेरी झांबडं माणसं कुंपणाला ओढतात, पाला शेळ्यांपुढं टाकतात, टणक लाकूड औताला लागतं. पाण्याची वाट न बघता जगणारं हे झाड आहे, आणि सीना नि भीमा यांच्यामधल्या या कोरड्या पट्ट्यात पाऊस दगा देतो तेव्हा शाळू करपतो, बोरी मात्र पाटीभर का होईना, देतेच. आजी म्हणते, "दुस्काळात बोरीनं जगवलं." ती हे थाप मारायला म्हणत नाही.

आता याच बांधावर उभे राहा आणि वर्षं पायाखालून जाऊ द्या.

आधी विहिरीवरच्या मोटेचा कुरकुर आवाज बंद होतो आणि इंजिनाची फटफट सुरू होते. मग उजनीचं धरण होतं, 1980 मध्ये पुरं होतं, आणि पाण्याचा वास शिवारात येतो. ओल्या मातीचा, उसाच्या पाल्याचा. माणसांच्या चेहऱ्यावर जो आनंद आहे तो बघा आणि तो खरा माना. ज्यांनी पिण्याच्या पाण्यासाठी रात्री काढल्या, त्यांना ऊस लावू नका म्हणायचा हक्क तुम्हाला-मला नाही. पण बांधाकडंही बघा. जमिनीला भाव आला तसा तो बारीक होत चालला. बोरीची सावली उसाला नको. तिचा काटा ट्रॅक्टरच्या वाटेत. कुऱ्हाडीचा आवाज ऐका, ठक, ठक, आणि मग फांद्यांचा कर्रर. गुऱ्हाळाच्या चुलाणात बोरीचं लाकूड छान जळतं. पुढं जेसीबी आला, आणि त्याला तर कुऱ्हाडीएवढाही वेळ लागला नाही.

गरिबाच्या पोरांचं झाड असं नाहीसं होणं दुसरीकडंही घडलंय. अमेरिकेत चेस्टनटची झाडं होती. थंडीत रस्त्यावर त्याची फळं भाजून विकायचे, गरिबाची पोरं रानातून गोळा करायची. 1904 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्या झाडांवर एक बुरशी सापडली आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत अब्जावधी झाडं वाळून गेली. तिथल्या लोकांच्या हातात फारसं काही नव्हतं. आमच्या बोरीला मात्र असा रोग लागला नाही, ती आपणच तोडली. ती अजूनही कापली तरी बुडातून फुटते.

काही बोरी तोडल्या नाहीत, बदलल्या. हेही बघण्यासारखं आहे, या जवळ. उन्हाळ्यात गावठी बोरीचा बुंधा वीतभर-हातभर ठेवून कापतात. पावसाळ्यात नवे फुटवे येतात. मग कुणी धारदार चाकूनं त्या कोवळ्या फांदीची साल उचलतं आणि तिच्यात उमराणीचा किंवा कडाक्याचा डोळा बसवून पट्टी बांधतं. खालचं मूळ गावठी, वरचं फळ बाजाराचं. 1990 नंतर रोजगार हमीतून फळबागा लावायची योजना आली आणि या कोरड्या जिल्ह्यात डाळिंबाबरोबर बोरांच्याही बागा उभ्या राहिल्या. पाणी थोडं, पैसा बरा. त्या बोरांनी पुष्कळ घरं सावरली, त्यांना नावं ठेवायची नाहीत. खाऊन बघा: मोठं, रसाळ, गोड. दुसरं खा: तेवढंच मोठं, तेवढंच गोड. डोळा एकाच झाडाचा, म्हणून चवही एकच. शेजारच्या बागेत जा, तीच. आणि बागेला तारेचं कुंपण आहे. खाली पडलेलं बोर आता उचलायचं म्हटलं तर मालकाला विचारावं लागतं.

आलो आपण आजच्या पौषात. धूर डिझेलचा आहे, रस्त्यावरून उसानं भरलेली ट्रॉली गाणी वाजवत चाललीय. बाजारात सफरचंदाएवढं हिरवं ॲपल बोर किलोवर विकलं जातंय. त्याच्या पलीकडं, पोत्याच्या तुकड्यावर, एक बाई बसलीय. पुढं पाच-सहा छोटे वाटे. लाल, सुरकुतलेली, काही हिरवट, सगळी वेगवेगळ्या मापाची. गावरान. संक्रांतीच्या सुगडात घालायला लोक वाटाभर नेतात, खायला कोणी मागत नाही. चाखायला उचला एक. ती नको म्हणणार नाही.

आणि तिला विचारा, कुठल्या बांधावरची. ती सांगेल. रुळाच्या कडेची, ओढ्याची, गायरानातली. झाडं अजून आहेत, नांगर पोहोचत नाही तिथं. त्यातलं तुम्हाला आवडेल त्या झाडाचं पिकून पडलेलं बोर घ्या, खा, आणि आठळी फेकू नका. धुऊन सावलीत वाळवा, जूनपर्यंत जपा. मृगाचा पाऊस झाला की दगडावर ठेवून हलक्या हातानं तडकवा, आतल्या बीला धक्का लागू देऊ नका. तडकवलेली आठळी आठवड्याभरात उगवते, अख्खी महिनाभर रेंगाळते. पिशवीत रोप करून मग लावायच्या भानगडीत पडू नका, सोटमूळ मोडतं. बांधावर जिथं हवी तिथंच पुरा, अंगठ्याएवढ्या खोल, एका खड्ड्यात तीन. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून राखा. पुढं काटे येतात, मग राखण तिची ती करते.